हॅमॉकखालची रजई घरी शिवताना

हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांना बांधलेल्या कापडी झोळीत, झोपणाऱ्याला थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. स्लीपिंग बॅग कितीही महागाची असली, तरी अंगाखाली येणारा तिचा भाग शरीराच्या वजनाने चेपला जातो. ऊब धरून ठेवते ती भरणात अडकलेली स्थिर हवा, आणि चेपलेल्या भरणात ती उरतच नाही. त्यात खालून वारा मोकळा फिरत असतो. व्हर्जिनियातल्या ब्लू रिज डोंगररांगेत ऑक्टोबरच्या अखेरीस रात्रीचा पारा शून्याच्या आसपास येऊ शकतो, आणि माउंट रॉजर्ससारख्या १,७४६ मीटर उंचीच्या ठिकाणी वाऱ्याची त्यात भर पडते. फोमची चटई आत घालून काम भागवता येते, पण ती रात्रभर सरकत राहते आणि पाठीला घाम धरते. म्हणून हॅमॉकवाली मंडळी रजई आत न घेता हॅमॉकच्या खाली, बाहेरून टांगतात. तिच्यावर वजन येत नसल्यामुळे तिचा फुगीरपणा टिकतो. तिला अंडरक्विल्ट म्हणतात आणि ती साध्या शिवणयंत्रावर घरी शिवता येते.

आपल्याकडे गोधडी शिवायची म्हणजे जुनी लुगडी एकावर एक अंथरून सगळीकडून धावदोरा घालायचा. कापडाचे थर एकमेकांना धरून राहावेत म्हणून तिथे टाके दाट हवेत. अंडरक्विल्टच्या बाबतीत हा संस्कार बाजूला ठेवावा लागतो. इथे प्रत्येक टाक्याच्या रेषेवर भरण दबते आणि तिथून थंडी आत शिरते, त्यामुळे मधल्या भागात एकही टीप नसलेली बरी. हे शक्य होते ते भरणाच्या निवडीमुळे. क्लायमाशील्ड एपेक्स हे पॉलिएस्टरचे भरण सलग, लांबच लांब तंतूंचे असते. ते कडेने शिवले की मध्ये गोळा होत नाही किंवा सरकत नाही. पिसांचे भरण वजनाला हलके आणि जास्त उबदार असते हे खरे, पण त्यासाठी आत उभ्या जाळीचे कप्पे शिवावे लागतात आणि पिसे भरताना घरभर उडतात. पहिल्या रजईसाठी त्या वाटेला कोणी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शून्य अंशाच्या आसपासच्या रात्रींसाठी दर चौरस मीटरला सुमारे १७० ग्रॅमचे एपेक्स पुरते. उन्हाळ्याच्या शेवटाला त्याच्या निम्म्या वजनाचेही चालते. बाहेरच्या आणि आतल्या दोन्ही बाजूंना पातळ रिपस्टॉप, म्हणजे फाट पसरू न देणाऱ्या विणीचे, नायलॉन घ्यावे, मात्र ते हवा खेळू देणारे हवे. सिलिकॉनचा लेप दिलेले पूर्ण जलरोधक कापड इथे घातले, तर अंगातून निघणारी वाफ आतच थिजते आणि सकाळी भरण ओलसर लागते. माझी रजई १३२ बाय ११५ सेंटीमीटरची, म्हणजे खांद्यापासून गुडघ्याखालपर्यंत पुरणारी आहे. पायांखाली, एरवी बसायला घेतो तो फोमचा तुकडा ठेवला की काम होते. दोऱ्यांसकट तिचे वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास भरते.

कापण्याआधी एक हिशेब करावा. रजई टांगल्यावर हॅमॉकभोवती वळते, आणि तिचे बाहेरचे कापड आतल्यापेक्षा मोठ्या वर्तुळावर असते. दोन्ही कापडे एकाच मापाची असली, तर बाहेरचे कापड ताणले जाऊन भरणाला आत दाबते, आणि इतका खटाटोप करून पुन्हा चेपलेली रजईच हाती येते. खालचा आकार अर्धवर्तुळ धरला, तर दोन कापडांच्या रुंदीतला फरक जाडीच्या साधारण ३.१४ पट निघतो; तीन सेंटीमीटर जाडीला तो साडेनऊच्या जवळपास जातो. प्रत्यक्षात हॅमॉक इतका गोल नसतो, म्हणून आठ सेंटीमीटर पुरेसे होतात. ही जादा रुंदी डोक्याकडच्या आणि पायाकडच्या कडांना बारीक चुण्या घालून सामावून घ्यावी. भरण आतल्या कापडाच्या मापाचेच कापावे.

शिवण म्हणाल तर चार कडांचीच आहे, पण निसरडे कापड आणि तंतुमय भरण ही जोडी कुरापतखोर असते. टाचण्या लावल्या तर नायलॉनला कायमची भोके पडतात, त्यामुळे कापडी चिमटे वापरावेत. सुई ७० नंबरची बारीक, दोरा पॉलिएस्टरचा, टाका अडीच ते तीन मिलिमीटरचा. दोन्ही कापडे सुलट बाजू आत करून ठेवावीत आणि त्यांवर भरण पसरावे. यंत्राचा फूट भरणाच्या तंतूंत हमखास अडकतो, म्हणून शिवणीच्या वाटेवर पातळ टिश्यू कागदाची पट्टी ठेवावी. सुई कागदातून सरळ जाते, फूट वरून घसरत पुढे सरकतो आणि शेवटी छिद्रांच्या ओळीवरून कागद सहज फाटून निघतो.

टांगायची दोरी ओवायचा नेफा मात्र रजईच्या अंगातच काढू नये, कारण त्यासाठी कडेला आणखी एक टीप मारावी लागते आणि तेवढी पट्टी चेपते. नेफ्याच्या पट्ट्या वेगळ्या कापून, टोके आधीच दुमडून, दोन कापडांच्या मध्ये घालून ठेवाव्यात, म्हणजे कडेच्या त्याच टिपेत त्या जोडल्या जातात. कोपऱ्यांवर जाड फितीचे फासे हवेत आणि तिथे उलटसुलट तीनदा टीप मारावी, कारण सगळा ताण तिथेच येतो. एका कडेला वीतभर जागा उघडी ठेवून रजई उलटवायची आणि ती फट हाताने मिटवायची.

लांब बाजूंच्या नेफ्यांतून तीन मिलिमीटर जाडीची लवचीक दोरी ओवून ती हॅमॉकच्या दोन्ही टोकांना बांधावी. आखूड बाजूंच्या दोऱ्यांना कॉर्डलॉक, म्हणजे दोरी हवी तिथे अडकवून धरणारी चाप, लावून टोके आवळता यावीत. टांगल्यावर आत झोपावे आणि कोणाला तरी पाठीखाली, हॅमॉक आणि रजई यांच्यामध्ये हात घालायला सांगावे. हात मोकळा फिरला तर फट आहे आणि तिथून वारा शिरणार. हात घालायलाच जोर लागला तर दोरी जास्त ताणली आहे. कापडाला कापड नुसते टेकलेले असावे. माझ्या अनुभवात उबेचा निम्मा फरक या दोऱ्यांच्या ताणावर पडतो.

प्रवासात रजई पिशवीत दाबून न्यावीच लागते, पण घरी आल्यावर ती कपाटात मोकळी टांगून ठेवावी. पॉलिएस्टरचे तंतू फार काळ दाबून राहिले की पुन्हा पूर्ण फुगत नाहीत. इस्त्री आणि कडक उष्णतेचा ड्रायर दोन्ही टाळावेत. उणे दहाच्या खाली जायचे असेल, तर एपेक्सचे दोन थर घालता येतात, पण मग रजई पाठपिशवीतली इतकी जागा खाते की त्या थंडीसाठी मी पिसांची तयार रजई विकतच घेईन.