हरसूल रस्त्यावरची पिकअप

माझे गॅरेज नाशिकला अंबड औद्योगिक वसाहतीच्या कडेला आहे. सातपूरच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेतल्यापासून गेली १९ वर्षे मी हेच काम करतो आहे. द्राक्षे, टोमॅटो आणि भाजीपाला वाहणाऱ्या पिकअप गाड्या माझ्याकडे बाराही महिने येतात, पण चारही चाकांना ताकद देता येणारी पिकअप क्वचितच येते. तशीच एक गाडी सप्टेंबरमधल्या एका भरपावसाच्या संध्याकाळी आली. तिच्यावर केलेले काम मी इथे सविस्तर लिहितो आहे, कारण डिफरन्शिअल (ॲक्सलच्या मध्यभागी बसवलेली, ताकद दोन्ही चाकांत वाटणारी गिअरची जुळणी) आणि ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला ताकद वाटून देणारी पेटी) यांचे ऑइल बदलणे म्हणजे जुने काढून नवे ओतणे, एवढाच समज आपल्याकडे गाडीमालकांचा आणि बऱ्याच मिस्त्रींचाही आहे.

गाडीचे मालक हरसूलकडचे शेतकरी होते आणि हंगामात गिरणारेच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट आणत असत. ताशी ५० किलोमीटरच्या पुढे गेले की मागून सतत घूं घूं असा आवाज येतो, ही त्यांची तक्रार होती. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये त्यांना क्राउन-पिनियन, म्हणजे डिफरन्शिअलमधली मोठ्या क्राउन आणि छोट्या पिनियन या दातेरी चाकांची जोडी, गेल्याचे सांगून ४०,००० रुपयांचा अंदाज देण्यात आला होता. "दादा, ऑइल तर तीन महिन्यांपूर्वीच बदललंय, सगळी ऑइलं बदलल्याचं बिल आहे माझ्याकडं," असे म्हणून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून बिल काढून दाखवले. बिलावर तिन्ही ठिकाणच्या ऑइलची नोंद होती : पुढचे डिफरन्शिअल, मागचे डिफरन्शिअल आणि ट्रान्सफर केस.

मी त्यांना गाडी रात्रभर तिथेच ठेवायला सांगितले. एरवी ऑइल काढायचे असेल तर मी गाडी आधी थोडी फिरवून आणतो, कारण गरम झालेले ऑइल पातळ होते आणि तळाशी बसलेला गाळ सोबत घेऊन बाहेर पडते. परंतु पावसाळ्यात ओढे-नाले ओलांडणाऱ्या गाडीत पाणी शिरल्याचा संशय असेल, तर ती रात्रभर स्थिर उभी राहिलेली बरी. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने जे मोकळे पाणी असेल ते तळाशी येऊन बसते आणि सकाळी तळाचा नट काढला की सर्वांत आधी तेच बाहेर येते.

सकाळी गाडी सपाट पिटवर घेतली. हाताखालच्या पोऱ्याने सवयीने तळाच्या नटाला पाना लावला, तेव्हा मी त्याला थांबवले. भरण्याचा वरचा नट आधी उघडल्याशिवाय खालच्या नटाला हात लावायचा नाही, हा माझ्याकडचा नियम आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका गाडीचे ऑइल आधी काढून टाकले होते आणि मग वरचा नट काही केल्या निघेना. गाडीत ऑइल नाही, भरायला वाट नाही, आणि मालक सकाळपासून बाकावर बसून, असा तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे.

मागच्या डिफरन्शिअलचा वरचा नट दोन आटे सैल झाला आणि त्याच्या कडेने ऑइल वाहू लागले. खरे तर ऑइलची पातळी त्या भोकाच्या ओठापर्यंतच असायला हवी; नट काढल्यावर फार तर एखादा ओघळ यावा. इथे मात्र धार लागली आणि तिचा रंग जास्त दूध घातलेल्या चहासारखा होता. आत कोणी ऑइल जादा भरलेले नव्हते, पाण्याने पातळी वर आली होती. मग खालचा नट काढला, तेव्हा आधी अर्धा पेलाभर गढूळ पाणी पडले आणि त्यामागून तेच दुधाळ, जाडसर ऑइल उतरू लागले.

अशा वेळी मी थोडे ऑइल पांढऱ्या एनॅमलच्या ताटलीत घेतो. ही निळ्या काठाची ताटली मी याच कामासाठी ठेवली आहे. ताटली उजेडात तिरपी केली की ऑइलच्या पातळ थरातला कण न् कण दिसतो. त्या दिवशीच्या ऑइलमधून ताटलीचा तळ मुळीच दिसत नव्हता. तळाच्या नटाला आतून चुंबक असते. त्यावर करड्या रंगाचा लोण्यासारखा लेप जमला होता, तो मी बोटांच्या चिमटीत घेऊन चोळला. हा बारीक लेप कोणत्याही धावत्या गाडीत जमतो आणि त्याची मला काळजी वाटत नाही. टोचणारी पत्री किंवा दातांचे तुकडे निघाले असते, तर क्राउन-पिनियनचा निवाडा तिथेच झाला असता. तसे काही नव्हते, पण लेपात तांबूस गंजाचे चार-सहा कण होते. आवाजाचे मूळ दातांत नसून बेअरिंगमध्ये असावे, असे मला पहिल्यांदा तिथे वाटले.

पाणी शिरले कुठून, हा पुढचा प्रश्न होता. डिफरन्शिअलच्या घराला वरच्या बाजूने श्वास घेण्यासाठी एक छोटी नळी असते. आतले ऑइल तापले की हवा फुगून त्या नळीवाटे बाहेर जाते आणि थंड झाले की परत आत येते. ही नळी चॅसिसला उंचावर बांधलेली असते, म्हणजे चाके पाण्यात गेली तरी तिचे टोक कोरडे राहते. या गाडीची मागची नळी कडक होऊन मध्येच तुटली होती आणि तिचे तोंड ॲक्सलच्याच उंचीवर लोंबत होते. मालकांना विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की त्यांच्या वाटेवर एक फरशी (ओढ्यावरचा ठेंगणा पूल) आहे आणि जुलैपासून तिच्यावरून अनेकदा गुडघाभर पाणी वाहत होते. भरलेली गाडी घाटवळणे चढून-उतरून येते, ॲक्सल चांगला तापलेला असतो आणि तसाच तो थंड पाण्यात बुडतो. आतली हवा एकदम आकसते आणि तुटक्या नळीतून पाणी आत ओढून घेते. पुढच्या डिफरन्शिअलची नळी इंजिनाजवळ उंच बांधलेली आणि शाबूत होती; त्यातले ऑइल काळे पडलेले असले तरी त्यात पाण्याचा मागमूस नव्हता.

मागच्या डिफरन्शिअलचे झाकण मी उघडले. क्राउनचे दात स्वच्छ होते, कुठे टवका उडालेला नव्हता. फक्त गाडी उभी असताना ऑइलच्या वर राहणाऱ्या भागावर गंजाची बारीक रेघ उमटली होती. आतला भाग फडक्याने पुसून घेतला. या ठिकाणी रॉकेल किंवा डिझेल मारून धुण्याची पद्धत सर्रास दिसते, पण मी तसे करत नाही, कारण त्यातले थोडे बेअरिंगच्या सांदीत राहते आणि नव्या ऑइलला पातळ करते. त्याऐवजी मी आधी एक बाजू आणि मग दुसरी बाजू जॅकवर बरीच उंच केली. ॲक्सलच्या दोन्ही लांब नळकांड्यांत दुधाळ ऑइल साचून राहते आणि गाडी सपाट उभी असेल तर ते मध्यभागी येतच नाही. दोन्ही बाजूंनी मिळून आणखी पाव लिटर तरी निघाले असेल.

ट्रान्सफर केसकडे वळलो, तेव्हा मला मनापासून वाईट वाटले. तिच्या भरण्याच्या नटावर आणि शेजारच्या कवचावर मिळून पिवळ्या रंगाची एक सलग रेघ होती. जोडणीच्या वेळी नट कसल्याची खूण म्हणून अशी रेघ ओढतात. नट एकदा जरी फिरवला असता, तरी रेघेची दोन टोके सरकली असती किंवा रंगाला भेग पडली असती. मी मालकांना पिटमध्ये उतरवून टॉर्चच्या उजेडात ती अखंड रेघ दाखवली. त्यांनी हातातल्या बिलाकडे पाहिले, ते घडी करून पुन्हा पिशवीत ठेवले आणि एवढेच विचारले, "मंग पैसे कशाचे घेतले?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

तो नट निघायला दीड तास लागला. गंज सोडवणारे ऑइल मारायचे, हातोडीने हलकेच ठोकायचे, वाट पाहायची आणि पुन्हा पाना लावायचा. घाईने लांब नळी लावून जोर केला असता, तर ॲल्युमिनियमच्या कवचाचे आटेच गेले असते. आत जितके ऑइल असायला हवे, त्याच्या निम्मेच निघाले. बाकीचे मागच्या ऑइल सीलमधून, म्हणजे शाफ्टभोवती ऑइल अडवणाऱ्या कड्यातून, थेंबथेंब झिरपून गेले होते आणि चिखलाखाली तो ओलावा कोणाला दिसला नव्हता. सील बदलण्यासाठी प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या ॲक्सलकडे ताकद नेणारा लांब दांडा, उतरवावा लागला. तो पूर्वीच्याच जागी बसावा म्हणून जोडावरच्या दोन्ही फ्लॅंजवर (बोल्टने एकमेकींना जोडल्या जाणाऱ्या चकत्यांवर) आधी खूण करून घेतली.

इथे ऑइलच्या निवडीबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. क्राउन-पिनियनमध्ये पिनियनचा मध्य क्राउनच्या मध्याच्या खाली असतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, प्रचंड दाबाखाली घसरतातही. त्यासाठी गंधक आणि फॉस्फरसची द्रव्ये मिसळलेले जीएल-५ दर्जाचे ऑइल लागते. त्याचा तो उग्र वास याच गंधकाचा असतो. या गाडीच्या पुस्तिकेत दोन्ही डिफरन्शिअलसाठी ८०डब्ल्यू-९० या घट्टपणाचे ऑइल सांगितले होते. तिच्या ट्रान्सफर केसमध्ये मात्र साखळी आहे, छोटा पंप आहे आणि तिथे लाल रंगाचे पातळ एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठीचे ऑइल) सांगितलेले आहे. त्या पंपाने घट्ट गिअर ऑइल कसे ओढावे? उलट काही गाड्यांच्या ट्रान्सफर केसला गिअर ऑइलच लागते. एकाच डब्यातून तिन्ही ठिकाणी ऑइल ओतणारे हात मी पाहिले आहेत, म्हणून माझ्याकडे त्या त्या गाडीची पुस्तिका पाहिल्याशिवाय डब्याचे झाकण उघडले जात नाही.

झाकणाला लावलेले सिलिकॉन रात्रभर वाळू दिले आणि दुसऱ्या दिवशी हातपंपाने ऑइल भरले. भोकाच्या ओठावरून बाहेर येईपर्यंत भरायचे, पाच मिनिटे थांबायचे, खाली बसले तर पुन्हा भरायचे. नटांना तांब्याचे नवे वायसर घातले, टॉर्क पान्याने कसले आणि श्वासनळी नवी घेऊन चॅसिसच्या वर, हौद्याच्या फळीखाली बांधली. काढलेले दुधाळ ऑइल वेगळ्या ड्रममध्ये ठेवले. वापरलेले ऑइल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावे लागते. आमच्या भागातून वाहणारी नंदिनी पुढे गोदावरीलाच मिळते, त्यामुळे त्यातला एक थेंबही गटारात जाऊ नये याकडे मी स्वतः लक्ष देतो.

त्यानंतर त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीपर्यंत गाडी चालवून पाहिली. आवाज बराच कमी झाला होता, पण पूर्ण गेला नव्हता. मी पेडल दाबून आणि सोडून पुन्हा पुन्हा ऐकले. दातांचा आवाज बहुधा पेडल दाबताच किंवा सोडताच बदलतो. हा आवाज दोन्ही वेळा एकसारखा आणि फक्त वेगाबरोबर वाढणारा होता. मालकांना मी स्पष्ट सांगितले की क्राउन-पिनियन शाबूत आहे, पण गंजामुळे पिनियनच्या बेअरिंगला खड्डे पडलेले असणार आणि ते बदलावे लागेल. हंगाम ऐन भरात असल्याने त्यांना गाडी थांबवणे शक्य नव्हते. भार कमी ठेवायचा, फरशीवर पाणी असेल तर थांबायचे आणि ५०० किलोमीटरनंतर परत यायचे, असे ठरले.

ते बरोबर सांगितल्याप्रमाणे आले. दुसऱ्या वेळी काढलेले ऑइल किंचित धुरकट होते, म्हणून तेही बदलले. दिवाळीनंतर गाडी दोन दिवस माझ्याकडे राहिली. पिनियनची दोन्ही बेअरिंगे काढली, त्यांच्या वाटीवर खरोखरच गंजाचे ठिपके होते. पिनियनची खोली पुन्हा मोजून, दातांना रंग लावून त्यांचा ठसा तपासला आणि जुनाच क्राउन-पिनियन संच परत बसवला. बेअरिंगे, सील आणि ऑइल धरून एकूण खर्च त्यांना आधी सांगितलेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही आत बसला.

फेब्रुवारीत ते केवळ तपासणीसाठी आले होते. मी मागचा वरचा नट काढला, भोकातून पिचकारीने थोडे ऑइल ओढून ताटलीत ओतले, आणि या वेळी त्यांनी स्वतःच ती ताटली हातात घेऊन उन्हात धरली. मधासारख्या त्या थराखालून ताटलीचा पांढरा तळ आणि निळा काठ स्वच्छ दिसत होता.