आयत्या वारुळात मुंग्या

मुंग्यांना कष्टाळू म्हणणाऱ्यांनी वर्षावनातली वारुळं एकदा बघावीत. मध्य आफ्रिकेत क्युबिटर्मिस नावाची वाळवी माती आणि स्वतःची विष्ठा वापरून दगडासारखं टणक, अळंबीच्या आकाराचं वारूळ बांधते. वरच्या टोपीवरून पाऊस ओघळून जातो, आतले कप्पे कोरडे. ओल्याचिंब जंगलात मुंग्यांना आणखी काय हवं? वाळवी संपली की त्या अंडी-अळ्यांसह मुक्कामाला हजर. आयत्या बिळावर नागोबा!

मला जास्त नवल वाटतं ते नांदत्या घरातल्या बिऱ्हाडाचं. कुठे कुठे एका बाजूला वाळवी, दुसऱ्या बाजूला मुंग्या, आणि मध्ये वाळवीनेच घाईघाईने लिंपलेली भिंत. नॅसुटिटर्मिस नावाच्या वाळवीचे सैनिक तर सोंडेतून चिकट द्रव फवारतात. शेजारधर्म वगैरे काही नाही. भिंत फुटली की वाळवीचा फडशा.