थोडी उजळ काढ

शनिवार, रात्र

आत्याचा चेहरा कॅनव्हासवर बसला एकदाचा. नाक, कपाळ, हनुवटीची हट्टी ठेवण, सगळं जागच्या जागी. अडलंय ते रंगावर. बैठक संपवून उठताना म्हणाली, "अगं, थोडी उजळ काढ. कोण येतंय पडताळून बघायला?" हसत म्हणाली, पण तिच्याबरोबर नोकरी केलेल्या बाकीच्या सिस्टरही आपापल्या चित्रासमोर कमीअधिक हेच बोलल्या आहेत. निवृत्त परिचारिकांची ही मालिका करायला घेतली तेव्हा मला वाटलं होतं, तो पांढरा गणवेशच जड जाईल.

जन्मभर वॉर्डात हुकमत गाजवलेली बाई, आणि रंगाचा विषय निघाला की आवाज खाली येतो. तिच्या लग्नाआधीच्या स्टुडिओतल्या फोटोतही फोटोवाल्याने तिला गोरी करून ठेवलंय. मग चित्रकार भाचीकडून तीच अपेक्षा ठेवली तर तिचं काय चुकलं?

सोमवार

एमी शेराल्ड या काळ्या अमेरिकन चित्रकर्तीची चित्रं काढून बसले. (स्क्रीनवरच, अजून काय करणार.) मिशेल ओबामांचं तिने केलेलं व्यक्तिचित्र २०१८ साली वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत लागलं, तेव्हा 'हे त्यांच्यासारखं दिसत नाही' अशी कुरकूर बरीच झाली होती. शेराल्ड काळ्या माणसांची त्वचा रंगवते ती करड्या छटांत. काळा आणि फिकट पिवळा नेपल्स यलो यांच्या मिश्रणातून तिचा तो करडा येतो. कपडे मात्र झगझगीत, पार्श्वभूमी सपाट, आणि माणूस थेट आपल्याकडे बघतो. वर्णाचा रंगच काढून घेतला की बघणाऱ्याला माणसापासून सुरुवात करावी लागते.

मला ते फार आवडतं. तरी आत्याला करडी करणार नाही. तिथे करड्याने जे साधतं ते आपल्याकडे साधेल असं वाटत नाही. आपल्याकडे चेहरा करडा केला की घरचे आधी विचारतील, फोटोला हार कधी घालायचा? शिवाय 'उजळ काढ' म्हणणाऱ्या बाईचा रंग मीच पुसून टाकायचा, हे तर त्या स्टुडिओवाल्याचंच काम झालं.

गुरुवार

केरी जेम्स मार्शल, हाही काळा अमेरिकन चित्रकार. दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

त्याने १९८० साली एग टेम्परामध्ये, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांत, एक छोटं चित्र केलं. काळ्या पार्श्वभूमीवर काळा माणूस. दिसतात ते फक्त डोळ्यांचे पांढरे, शर्टाचा तुकडा आणि मधे फट असलेले दात. गोऱ्यांच्या नजरेतला 'न दिसणारा' काळा माणूस त्याने तसाच रंगवून समोर आणला. पुढे मात्र तो त्या काळ्याच्या आत शिरला. आयव्हरी ब्लॅक, कार्बन ब्लॅक, मार्स ब्लॅक असे वेगवेगळे काळे, आणि त्यांत कोबाल्ट निळा, क्रोम ऑक्साइड हिरवा किंवा डायऑक्झाझिन जांभळा. म्हणजे काळा गडदच राहतो, पण सपाट राहत नाही. कुठे थंड, कुठे ऊबदार. गालाची गोलाई पांढरा न घालता वळवता येते.

नेमकं इथेच माझं घोडं अडलं होतं. आम्हाला कातडीचा रंग शिकवला तो पांढरा, यलो ऑकर आणि लाइट रेड अशा मिश्रणाने. गोऱ्या, गव्हाळ चेहऱ्याला ते चालतं. आत्याच्या कपाळावर प्रकाश दाखवायला पांढरा घातला की रंग पिठूळ होतो, वर पावडर थापल्यासारखा. 'उजळ' आपोआप होतं, आणि आपल्याला वाटतं आपण प्रकाश रंगवतोय!

रविवार

तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना आणि निळा अल्ट्रामरीन, जोडीला थोडा लाल अलिझरिन. कातडीसाठी पांढरा पॅलेटवर घेतलाच नाही. खिडकी उत्तरेला, त्यामुळे कपाळावरची चमक निळसर येते. ती निळसरच ठेवली. गणवेशाचा पांढरा मुद्दाम खाली उतरवला, नाहीतर डोळा आधी तिथेच जातो. गळ्याखाली, जिथे कापडाचा उजेड परतून हनुवटीवर येतो, तिथे काम करताना वेळेचं भान राहिलं नाही. कातडी आता कातडीसारखी वाटते.

रंग वाळेपर्यंत आत्याला चित्रकार सुधीर पटवर्धनांची चित्रं दाखवली. रूढ अर्थाने ती व्यक्तिचित्रं नव्हेत, पण १९७७ च्या 'इराणी रेस्टॉरंट'मध्ये बसलेल्या माणसाचं अंग कसं जड आहे ते बघण्यासारखं आहे. त्यांची माणसं कोणी सजवून बसवल्यासारखी वाटत नाहीत. ते ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते म्हटल्यावर तिचे कान टवकारले.

"डॉक्टर? मग पेशंट कधी बघायचे?"

"दोन्ही करायचे. २००५ पर्यंत."

"आणि रात्रपाळी?"

चित्रांपेक्षा ड्यूटीच्या वेळांचीच चौकशी जास्त. मग स्वतःच्या कॅनव्हाससमोर बराच वेळ उभी राहिली. आवडलं की नाही ते काही बोलली नाही. "मान जरा जास्तच ताठ केलीस," एवढंच. ताठ आहेच तिची मान, ती मी बदलणार नाही.

पुढच्या बैठकीला ज्या सिस्टर यायच्या आहेत त्यांनी निरोप पाठवलाय: गणवेश घालणार नाही, पैठणी नेसणार. जन्मभर तोच पांढरा घातला, आता पुरे, असं त्यांचं म्हणणं. मालिकेचं सूत्र सांभाळायचं की त्यांचं ऐकायचं, यावर आत्याशी वाद चाललाय. ती अर्थातच पैठणीच्या बाजूने.