उघडाबंब कमोडोर

नागपूरचा मे महिना, कूलर धडधडतोय आणि टेबलावर माझा कमोडोर 64 उघडाबंब बसलाय. आई येताजाता म्हणते, "अरे त्याच्या अंगावर काहीतरी घाल, धूळ बसतेय." दोन वर्षं मी तिला सांगत आलो की जुन्या कॉम्प्युटरला उकडतं गं, झाकण काढलं की बरं वाटतं. आता माझं मलाच ते फारसं पटत नाही.

म्हणजे गरम होतात हे खरंय. 1982 चं डिझाइन, आत पंखा नाही, अर्धा तास गेम खेळा आणि स्क्रीनवर चित्र काढणाऱ्या व्हीआयसी चिपवर बोट ठेवा, पटकन उचलाल. पीएलए, म्हणजे कधी कोणत्या चिपची पाळी ते ठरवणारा, तो पण तसाच, मशीन काळी स्क्रीन दाखवायला लागलं की पहिला संशय त्याच्यावर. त्याच वर्षीच्या स्पेक्ट्रम नावाच्या दुसऱ्या घरगुती कॉम्प्युटरमध्ये तर अडॅप्टरकडून 9 व्होल्ट येतात, चिपना 5 लागतात, मधले 4 व्होल्ट 7805 रेग्युलेटर नुसती उष्णता करून उडवतो, म्हणजे एका अँपिअरमागे 4 वॉट, तेही एवढ्याशा डबीत. पण त्याचं झाकण काढणार कसं? कीबोर्ड झाकणातच, आणि त्याला बोर्डाशी जोडणाऱ्या दोन पट्ट्या जुन्या झाल्या की पापडासारख्या, जरा ओढलं की गेल्या.

माझी खरी चूक वेगळीच. झाकणाबरोबर आतला पत्राही हौसेने काढून टाकला, आणि चिप आधीपेक्षा जास्त तापायला लागल्या! त्या पत्र्याच्या जिभा चिपना टेकलेल्या होत्या, मधे पांढरी पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारा हीटसिंकच मी काढून ठेवला होता. काही मशीनमध्ये पत्र्याऐवजी चंदेरी कागद लावलेला पुठ्ठा असतो, तो मात्र खुशाल काढा, ती नुसती गोधडी आहे.

वर कूलरची दमट हवा, सोबत धूळ, थेट उघड्या बोर्डावर. आणि एका रात्री पाल. ऊबेला आली असणार बिचारी, मी किंचाळलो ते शेजारी ऐकू गेलं.

आता चिपवर छोटे ॲल्युमिनियमचे हीटसिंक चिकटवलेत, झाकण लावलंय, आणि मशीन चार खोडरबरांवर उचलून ठेवलंय, खालच्या फटीतून हवा जाते. ओरिजिनल पॉवर सप्लायची वीट मात्र कपाटात टाकली, तिच्यातला रेग्युलेटर गेला की 5 चे जास्त व्होल्ट होतात आणि रॅम जळते, तिथे झाकण काढा नाहीतर लावा. नवीन सप्लाय घेतला तेव्हा आईने फक्त किंमत विचारली, मी अर्धी सांगितली.