वाऱ्यावर उडणारा बर्फ कसा मोजतात?

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे आमच्या सीमाभागातील अनेक घरांत कोणी ना कोणी हिमालयातील चौकीवर राहून आलेले असते. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनवरील हिमस्खलनात गाडले गेलेले, शेजारच्या धारवाड जिल्ह्यातील बेटदूरचे लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण पुढे रुग्णालयात त्यांचे निधन झाले. तेव्हापासून बर्फाच्या मोजमापाविषयी मिळेल ते मी वाचत आलो आहे.

कणकुंबीचा पाऊस मोजायला साधे पर्जन्यमापक पुरते, पण बर्फाच्या बाबतीत तेच भांडे फसवे ठरते, कारण त्याला अडलेला वारा वर उचलला जातो आणि हलके हिमकण भांड्याच्या तोंडावरून तसेच पुढे निघून जातात. जोराच्या वाऱ्यात निम्म्याहून अधिक बर्फ भांड्यात पडतच नाही. म्हणून प्रमाण मोजणीसाठी भांड्याभोवती लाकडी पट्ट्यांचे दुहेरी कुंपण घालतात.

साचलेल्या थराची जाडी खांबावरच्या ध्वनिसंवेदकाने कळते. प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतात. मात्र शून्य अंशाला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असलेला ध्वनीचा वेग तापमानानुसार बदलत असल्याने सोबत तापमापक लागतोच. पण जाडी म्हणजे वजन नव्हे. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला बहुधा शंभर किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी भरतो, तर वाऱ्याने दडपलेला तीनशेच्याही वर जातो. वजनासाठी न गोठणाऱ्या द्रवाने भरलेली चपटी उशी जमिनीवर अंथरून तिच्यावरचा दाब नोंदवतात. वरचा थर कडक होऊन भार बाजूच्या बर्फावर गेला, तर तीही कमी वजन दाखवते.

माझ्या मते सर्वांत मोलाची यंत्रे उडता बर्फ मोजणारी आहेत. एका प्रकारात प्रकाशझोतातून जाणाऱ्या प्रत्येक कणाच्या सावलीवरून त्याचा आकार आणि संख्या कळते. ते यंत्र फिरत्या दांड्यावर बसवलेले असल्याने वाऱ्याकडे तोंड करून राहते. दुसऱ्या प्रकारात पोकळ नळीवर आदळणाऱ्या कणांचा आवाज आतले ध्वनिग्राहक टिपतात. निर्जन शिखरांवर थंडीने मंदावणारी बॅटरी आणि बर्फाखाली झाकला जाणारा सौर फलक यांमुळे कमी वीज खाणारे, हलणारे भाग नसलेले हे दुसरे यंत्र मला अधिक भरवशाचे वाटते. आकाश निरभ्र असते, एक कणही नव्याने पडत नसतो, आणि तरीही वारा एका बाजूचा बर्फ खरवडून आडोशाच्या उतारावर थर चढवत असतो. हिमस्खलनाचा तो वाढता धोका पर्जन्यमापकाला दिसतच नाही; त्याची चाहूल वेळेवर लागते ती याच यंत्रांमुळे.