शिडाची कयाक, वाढदिवसाचा फ्लेक्स आणि वेडी बाभूळ

शिडाची छोटी कयाक, म्हणजे अरुंद होडी, खोल पाण्यात सहसा खराब होत नाही. तिची वाट लागते ती गाडीवरून उतरवल्यापासून तरंगायला लागेपर्यंतच्या टप्प्यात, आणि परत येताना तेवढ्याच अंतरात. माझी कयाक बारा फुटी, प्लास्टिकची, मुंबईहून जुनी घेतलेली. तिच्या मागच्या टोकाला बुडाचा कणा इतका घासला होता की बोटाने दाबलं की आत जायचा. आधीचा मालक पुढून उचलून मागचं टोक फरफटत नेत असणार. तसं ओढलं की सगळा भार त्या तळहाताएवढ्या जागेवर येतो. फरशी असो, सिमेंटचा उतार असो, प्लास्टिक थोडं थोडं झिजत जातं आणि आत पाणी शिरू लागलं की मगच कळतं.

दुरुस्ती मात्र सोपी निघाली. छतावरच्या काळ्या टाक्या आणि असल्या कयाक एकाच पद्धतीने बनतात. पॉलिथिलीनची पूड साच्यात घालून साचा भट्टीत फिरवत ठेवतात. मराठवाड्यात टाकी जोडणारा माणूस शोधावा लागत नाही, उन्हाळ्यात तर त्याच्याकडे नंबर लावावा लागतो. माझ्याकडे इपॉक्सीची पुटी होती, ती त्याने बाजूला ठेवायला लावली. ‘ह्याला काही चिकटत नसतंय साहेब, ह्याला ह्याचंच ठिगळ लागतंय.’ ब्लेडने कयाकचा बारीक छिलका काढून त्याने पाण्याच्या मगात टाकला. तरंगला. पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलकं, पीव्हीसी असतं तर तळाला गेलं असतं. मग वरचा मळकट थर खरवडला, गरम हवेच्या गनने बूड आणि जुन्या टाकीतून कापलेली पट्टी दोन्ही चकाकेपर्यंत तापवली आणि पट्टी चमच्याच्या पाठीने दाबत नेली. आता पिवळ्या कयाकला खाली काळा पट्टा आहे. दिसायला काही खास नाही, पण झिजायचं ते आधी तो झिजतो, आणि तो गेला तर पुन्हा लावता येतो.

हे झाल्यावर प्रश्न उरला पाण्यात उतरायचं कसं. बोटी उतरवण्याबद्दल जे काही वाचायला मिळतं ते सिमेंटच्या तिरक्या रॅम्पवरचं. मी जिथे जातो तिथे, नाथसागराच्या म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या काठी, तसलं काही नाही. पैठणचे घाट धरणाच्या खाली, नदीवर आहेत आणि पायऱ्यांचे आहेत. शिवाय जलाशयाचा काठ एका जागी राहत नाही. पूर्ण भरल्यावर पातळी १५२२ फूट. तिथून थोडी जरी उतरली तरी या सपाट भागात पाणी लांब सरकतं आणि मागे उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर सुरू होते. म्हणून निघण्याआधी मी पेपरात जायकवाडीची पातळी बघतो. पाणी सोडणं चालू असेल तर जातच नाही. आणि हे पक्षी अभयारण्यही आहे, १९८६ पासूनचं, त्यामुळे वनविभाग आणि धरण या दोन्हींची परवानगी हातात असल्याशिवाय गाडीवर कयाक बांधायचीच नाही.

रॅम्पच्या सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे जुने रस्ते. धरणाची पायाभरणी १९६५ची, लोकार्पण १९७६चं. पाण्याखाली गेलेल्या शिवारांतले काही रस्ते अजून सरळ पाण्यात उतरतात. उतार बरा असतो, पण डांबर गेलेलं आणि खडी वर आलेली. काळ्या पाषाणाची ती खडी धारदार असते, प्लास्टिकवर तिचे ओरखडे खोल उठतात. त्यावर तोडगा सापडला फ्लेक्समध्ये. कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स गावात कायम उपलब्ध असतो, तारीख उलटली की फुकट मिळतो. तो उलटा अंथरायचा (चेहरे खाली गेलेले बरे, उगाच कुणाच्या भावना दुखावायला नकोत), वर पाणी शिंपडायचं आणि कयाक सरकवायची. आपण मात्र त्यावर पाय द्यायचा नाही, ओल्या फ्लेक्सवर माणूस सपशेल पडतो. जिथे जास्त चढउतार असेल तिथे पंपाच्या काळ्या पाइपाचे दोन तुकडे आडवे टाकतो, लाटण्यासारखे फिरतात.

गाडीपासून तिथपर्यंत दोन चाकांची ट्रॉली. हवेची चाकं इथे घेऊच नयेत. पाणी ओसरलेल्या पट्ट्यात वेडी बाभूळ माजलेली असते आणि तिचा काटा चपलेतून आरपार येतो, ट्यूबचं काय घेऊन बसलात. भरीव फोमची चाकं जड, पण बिनघोर. काळी माती ओली असेल तर ती चाकांना लपेटत जाते, चाक फिरायचंच थांबतं. तेव्हा ट्रॉली सोडून दोघांनी दोन टोकं धरून उचलणं हाच उपाय. म्हणून एकटा जात नाही, चुलतभावाला नाश्त्याचं आमिष दाखवावं लागतं.

उन्हाचाही विचार करावा लागतो. इथल्या उन्हात प्लास्टिक मऊ पडतं आणि छतावर आवळून बांधलेली कयाक पट्ट्याखाली खपाटीला जाते. मी ती उपडी बांधतो, आणि गाडी उभी केली की पट्टे सैल करतो. पाणी काढायचं बूच वाटेत उघडं ठेवतो. आतली तापलेली हवा बंद राहिली आणि कयाक तशीच गार पाण्यात गेली, तर ती हवा आकसते आणि सांध्यांतून पाणी आत ओढते. मात्र काठावर पोचल्यावर बूच लावायचं हे पहिलं काम, बाकी सगळं नंतर.

डोलकाठी उभी करण्याआधी वर बघायचं. काठाकाठाने शेतकऱ्यांच्या पंपांच्या मोटारींच्या विजेच्या लाइनी गेलेल्या असतात, काही तर हाताने पोचतील इतक्या लोंबलेल्या. डोलकाठी ॲल्युमिनियमची. ओरखडा परवडला, हे नको.

मुख्य नियम मला एका मासेमारी करणाऱ्या मामांनी दिला. ते स्वतः थर्माकोलच्या तराफ्यावर होते. मी गुडघाभर पाण्यात कयाक धरून उभा होतो, ती अजून तळाला टेकतेय का ते बघत. तिकडूनच ओरडले, ‘आजून पुढं न्या! तिला वर येऊ द्या, मंग बसा!’ टेकलेल्या कयाकमध्ये माणूस बसला की त्याचं सगळं वजन दोन-चार दगडांवर येतं, वर आपण ढकलाढकली करतो ती वेगळीच. पूर्ण तरंगल्यावर बसायचं, सुकाणू तोपर्यंत दोरीने वर बांधलेलं, मधली फळी (खाचेतून खाली सोडायची, कयाक वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून) खोल पाण्यात गेल्यावरच खाली. शिड उभारताना तोंड वाऱ्याकडे. पावसाळी वारा पश्चिमेचा, तो अख्ख्या जलाशयावरून वाहत पैठणकडे येतो आणि भिंतीकडच्या बाजूला लाटा उचलून आपटतात. तिथे उतरलं तर कयाक दर लाटेला दगडावर बसते. थोडं वळून जाऊन आडोशाचा काठ गाठला की हा त्रास राहत नाही.

परतताना हेच सगळं उलट्या क्रमाने. फळी वर, सुकाणू वर, शिड गुंडाळून, गुडघाभर पाण्यात खाली उतरायचं. वेगात काठावर चढवायला मजा येते, पण ती मजा बुडाच्या कण्याला महागात पडते. घरी आल्यावर फळीची खाच पाण्याचा पाइप लावून धुतो, कारण तिच्यात हरभऱ्याएवढा खडा अडकला तरी पुढच्या वेळी फळी अर्ध्यातच अडते आणि ते कळतं भर पाण्यात.