३४ आणि ३३ मधला एक डॅमेज

नेमबाजीच्या व्हिडिओ गेमचं अपडेट आलं की त्यातले बदल सांगणाऱ्या पॅच नोट्समध्ये एक ओळ येते: अमुक गनचा डॅमेज, म्हणजे एका गोळीने होणारी इजा, ३८ वरून ३५. त्या गनने ज्यांना महिनाभर रडवलंय ते खूश होतात, ती वापरणारे "आमची रायफल मारून टाकली" म्हणून गळे काढतात. दोन दिवस जातात आणि लॉबीत बघावं तर निम्म्या लोकांच्या हातात तीच गन. मग ओरड सुरू होते की डेव्हलपर झोपलेत. बहुतेक वेळा ते झोपलेले नसतात. त्यांनी आकडा बदललाय, पण मारायला लागणाऱ्या गोळ्या तेवढ्याच राहिल्यात.

समोरच्याची हेल्थ १०० धरा. ३८ डॅमेजला तीन गोळ्या लागतात. ३५ ला तीनच. ३४ लाही तीन, कारण ३४ त्रिक १०२. ३३ ला मात्र ९९ होतात, समोरचा एका हेल्थवर उभा राहतो आणि चौथी गोळी लागते. आता वेळ काढू. मिनिटाला ६०० गोळ्या म्हणजे दोन गोळ्यांमध्ये १०० मिलिसेकंद. पहिली गोळी शून्याला सुटते, म्हणून तीन गोळ्यांचा टीटीके (टाइम टू किल, मारायला लागणारा वेळ) २०० आणि चार गोळ्यांचा ३००. म्हणजे ३८ ते ३४ हा चार अंकांचा नर्फ, म्हणजे गन कमजोर करणारा बदल, जवळपास फुकट, आणि त्यापुढचा एक अंक टीटीके दीडपट करतो. अशा उंबरठ्याच्या आकड्याला ब्रेकपॉइंट म्हणतात. पॅच नोट वाचताना डॅमेज किती कमी झाला यापेक्षा ब्रेकपॉइंट ओलांडला का, एवढंच आधी बघावं.

"जवळपास फुकट" म्हटलं ते हातापायांमुळे. बऱ्याच गेममध्ये हातापायांना गोळी लागली की डॅमेज कमी होतो. समजा तो ०.९ पट आहे. ३८ च्या गनने तिन्ही गोळ्या पायावर मारल्या तरी १०२.६, माणूस पडतो. ३५ च्या गनची एक गोळी पायाला लागली तर १०१.५, चालून जातं. दोन लागल्या तर ९८, आणि चौथी गोळी हवी. म्हणून असा नर्फ छातीवर नेम धरणाऱ्याला जाणवतच नाही, खाली-वर स्प्रे मारणाऱ्याला, म्हणजे नेम न धरता सलग गोळ्या सोडणाऱ्याला, जाणवतो. एकाच पॅचबद्दल दोन खेळाडू एकमेकांना खोटं ठरवत भांडतात तेव्हा दोघांचंही खरं असू शकतं.

शॉटगनचं भांडण याच जागी सर्वात चिघळतं. आठ छर्रे, प्रत्येकी १३: सगळे लागले तर १०४, एका फटक्यात खेळ खलास. एक छर्रा कानाजवळून गेला तर ९१, आणि पुढच्या शॉटला पाऊण-एक सेकंद थांबा. त्यामुळे समोरच्याला ती गन अन्यायकारक वाटते आणि ज्याच्या हातात आहे त्याला बेभरवशाची. छर्‍यामागे १३ चे १२ केले की बेरीज ९६ होते आणि एका शॉटचा किल कायमचा जातो. म्हणूनच शॉटगन एका सीझनला राज्य करते आणि पुढच्या सीझनला कुणी तिला हात लावत नाही. खरं तर छर्‍यांचा फैलाव किंवा दोन शॉटमधला वेळ हलवायला हवा. पण डॅमेजचा आकडा बदलणं सोपं असतं आणि पॅच नोटमध्ये उठूनही दिसतं.

ब्रेकपॉइंट मुद्दाम वापरून केलेला बॅलन्स बघायचा तर काउंटर-स्ट्राइक घ्या. एके-४७ चा मूळ डॅमेज ३६, डोक्याला चौपट म्हणजे १४४, हेल्मेटमधून त्यातला ७७.५ टक्के जातो: १११.६. एम४ए४ चा ३३, चौपट १३२, हेल्मेटमधून ७० टक्के: ९२.४. एक गन हेल्मेटवाल्याला जवळून एका हेडशॉटमध्ये झोपवते, दुसरी साताठ हेल्थ शिल्लक ठेवते. हा फरक अपघाताने राहिलेला नाही. दोन बाजूंना वेगळ्या रायफली आहेत, किमती वेगळ्या आहेत आणि अख्ख्या फेरीचं गणित त्यावर बांधलंय. व्हॅलोरंटमध्ये व्हँडल आणि फँटम दोन्ही २९०० क्रेडिटला मिळतात. पूर्ण शील्डसकट समोरच्याचे १५० होतात. व्हँडलचा हेडशॉट कुठल्याही अंतरावरून १६०. फँटमचा जवळून १५० च्या वर, लांबून खाली. त्याबदल्यात फँटम जास्त वेगाने गोळ्या सोडते, मॅगझिनमध्ये २५ ऐवजी ३० गोळ्या देते आणि तिला सायलेन्सर आहे. या दोघींत कुठली चांगली हा वाद कधीच मिटत नाही, आणि माझ्या मते हाच उत्तम बॅलन्सचा पुरावा. वाद मिटला म्हणजे एक गन मेली.

आता कागदावर न दिसणारी गोष्ट: चुकलेल्या गोळीची किंमत. दोन गन घ्या. पहिली मिनिटाला ९००, डॅमेज २०. पाच गोळ्या, मध्ये चार अंतरं, प्रत्येकी ६६.७ मिलिसेकंद: एकूण २६७. दुसरी मिनिटाला ३००, डॅमेज ५०. दोन गोळ्या, एकच अंतर: २००. कागदावर दुसरी जिंकली. पण पहिल्या गनची एक गोळी चुकली तर ६७ मिलिसेकंद वाढतात, दुसरीची चुकली तर २००. आता निम्म्याच गोळ्या लागतात असं धरा. पहिलीला सरासरी दहा गोळ्या सोडाव्या लागतील, दुसरीला चार. नऊ अंतरं गुणिले ६६.७ आणि तीन अंतरं गुणिले २००, दोन्हीकडे उत्तर ६०० च. पन्नास टक्क्यांच्या वर नेम असेल तर दुसरी गन सरस, खाली असेल तर पहिली. एकाच गेममध्ये खालच्या रँकचे लोक एसएमजीला (वेगाने गोळ्या सोडणाऱ्या हलक्या गनला) शिव्या घालतात आणि वरच्या रँकचे जड रायफलला, याचं मोठं कारण इथे आहे.

यावरून ओपी (ओव्हरपॉवर्ड, गरजेपेक्षा ताकदवान) गन ओळखण्याची एक कसोटी निघते: जड डॅमेज आणि स्वस्त चूक, दोन्ही एकाच गनमध्ये आलेत का? डिसेंबर २०२० मध्ये वॉरझोन या गेममध्ये ब्लॅक ऑप्स कोल्ड वॉर या दुसऱ्या गेमची हत्यारं आली आणि त्यातल्या डीएमआर १४ ने सगळी लॉबी गिळली. सेमी-ऑटो (ट्रिगर दाबला की एकच गोळी) रायफल, दूरवर पोचणारी, डोक्यात बसली की भारी, वर रिकॉइल (गोळी सुटताना बसणारा धक्का) इतका थोडा की चुकलेल्या गोळीमागोमाग लगेच दुसरी तिथेच टाकता येत होती. जानेवारी २०२१ मध्ये तिला नर्फ करावं लागलं. याच्या उलट, विचार करून केलेला बदल हेलो या गेमचा. हेलो ३ च्या स्नायपर रायफलच्या दोन शॉटमधला वेळ ०.५ वरून ०.७ सेकंद केला आणि त्या एका बदलावर डिझायनर जेमी ग्रीझमर यांनी २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये अख्खं व्याख्यान दिलं. पहिली गोळी नीट मारणाऱ्याचं अशा बदलाने काहीच बिघडत नाही. महाग होते ती चूक.

पिक रेटच्या, म्हणजे कुठली गन किती लोक उचलतात याच्या, आकड्यांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. अवघड गन वरच्या रँकचेच लोक उचलतात, त्यामुळे तिचा किल रेशो (एका मरणामागे किती मारले) फुगलेला दिसतो. सोपी गन नवखे उचलतात, तिचा रेशो दबलेला दिसतो. रँकनुसार तुकडे न करता सरासरी काढली तर नेमक्या उलट्या गनला नर्फ मिळतो. शिवाय सवय असते. ऑक्टोबर २०१८ मध्ये काउंटर-स्ट्राइकमध्ये ऑग या रायफलची किंमत ३३०० वरून ३१५० झाली. १५० च्या सवलतीने लोकांनी ती हातात घेतली, आणि २०१९ मध्ये व्यावसायिक सामन्यांत ती जिकडे तिकडे दिसू लागली. त्याच वर्षी किंमत परत ३३०० वर गेली. ताकद आधीपासून तिथेच पडून होती, कुणी उचलून बघत नव्हतं.

सगळ्या गनचा टीटीके एकदम हलवणं हा सर्वात वाईट उपाय. बॅटलफिल्ड ५ ने डिसेंबर २०१८ मध्ये तो प्रयोग केला, गदारोळ झाला, बदल मागे घ्यावा लागला. वर्षभराने पुन्हा तेच केलं, पुन्हा तीच बोंबाबोंब. हाताला बसलेला प्रत्येक गनचा अंदाज एका रात्रीत खोटा ठरला की खेळाडू रागावणारच.

कधीकधी दोष गनचा नसतोच. सर्व्हर सेकंदाला २० वेळा माहिती पाठवत असेल तर दोन अपडेटमध्ये ५० मिलिसेकंद जातात. मिनिटाला १२०० गोळ्या सोडणाऱ्या गनच्या दोन गोळ्यांमध्येही ५० च. जरा नेटवर्क अडखळलं की दोन-तीन गोळ्यांचा डॅमेज एकाच झटक्यात उतरतो आणि तुम्हाला वाटतं एका गोळीत गेलो. व्हॅलोरंटचे सर्व्हर १२८ टिकचे, म्हणजे सेकंदाला १२८ अपडेटचे आहेत, दोन अपडेटमध्ये ७.८ मिलिसेकंद, तिथे ही तक्रार कमी ऐकू येते ते उगाच नाही.

तक्रार करायचीच असेल तर आधी मोजून घ्या. ट्रेनिंग रेंजमध्ये गनच्या सगळ्या अटॅचमेंट (बॅरलसारखे जोडभाग) काढा. ६० एफपीएसवर रेकॉर्डिंग लावा, रेकॉर्डरमध्ये फ्रेम रेट स्थिर ठेवा. तो कमीजास्त होत असेल तर पुढची सगळी मोजणी वाया. भिंतीवर पूर्ण मॅगझिन रिकामी करा आणि पहिल्या गोळीच्या जाळापासून शेवटच्या गोळीच्या जाळापर्यंत फ्रेम मोजा. ३० गोळ्यांत २९ अंतरं असतात, ३० नव्हे. ही चूक हमखास होते. १७४ फ्रेम भरल्या तर २.९ सेकंद, म्हणजे मिनिटाला ६००. एका किलच्या फ्रेम मोजू नका: १२ फ्रेममध्ये एक इकडेतिकडे झाली तर आठ टक्क्यांची चूक, १७४ मध्ये झाली तर नगण्य. बर्स्ट गन (एका दाबात ठराविक गोळ्यांचा झटका सोडणारी) असेल तर दोन बर्स्टमधली थांबण्याची वेळ वेगळी काढा, नाहीतर सरासरी निरर्थक निघते. मग १०, २५ आणि ५० मीटरवर बॉटच्या फक्त छातीवर एकेक गोळी मारून डॅमेज लिहा, आणि नंतर तेच डोक्यावर आणि पायावर.

यानंतर अटॅचमेंट एकेक करून परत लावा आणि पुन्हा मोजा. कंटाळवाणं काम आहे, पण घोळ इथेच दडतात. २००९ च्या मॉडर्न वॉरफेअर २ मध्ये दोन हातांत घ्यायच्या मॉडेल १८८७ शॉटगन अवाच्या सवा अंतरावरून मारत होत्या. पॅचने रेंज कमी केली, पण एफएमजे ही अटॅचमेंट लावली की जुनीच रेंज परत मिळत होती. दुसरा पॅच काढावा लागला. "ही गन ओपी आहे" या वाक्यातून असली गोष्ट कुणालाच सापडणार नाही. "अमुक पॅच, अमुक बॅरल, २५ मीटर, छातीवर तीन गोळ्या, बॅरल काढल्यावर चार, पिंग ४०, सोबत क्लिप" या तक्रारीवर मात्र डेव्हलपरला काम करता येतं.

आणि पॅच येईपर्यंत? तुमच्याच तक्त्यात ती गन कुठल्या अंतरावर तीनावरून चार गोळ्यांवर जाते ते बघा. समजा २० मीटरपर्यंत ३४ आणि पुढे ३० आहे. तर तिच्याशी २२-२५ मीटरवरून भिडा, तिचं तीन गोळ्यांचं वर्चस्व तिथे संपलेलं असतं. दारात आणि जिन्यात तिची वाट अडवायला जाऊ नका, लांब, मोकळ्या वाटेच्या टोकाला उभे राहा. तुमच्या गनचा ब्रेकपॉइंट तिच्यापेक्षा पाच मीटरने जरी लांब असला तरी ती पाच मीटरची पट्टी तुमची.